उसातलं ट्रायकोकार्ड आणि परोपजीवी गांधीलमाश्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुरू उसाची (जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास लावतात तो) लागण होऊन दीडेक महिना झाला की फोन यायला लागतात. पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "पोंगे वाळायला लागलेत, कार्ड पाठवा." पोंगा म्हणजे कोंबाच्या मधली पानांची सुरळी, आणि कार्ड म्हणजे ट्रायकोकार्ड: ट्रायकोग्रामा हा मित्रकीटक ज्यांतून निघतो ती अंडी चिकटवलेला कागद. माझं उत्तरही ठरलेलं, आणि ते ऐकून समोरचा हिरमुसतो: पोंगे वाळायच्या आधी फोन करायला हवा होता. मित्रकीटक वाढवायच्या कामात मी आहे आणि घरचा दोन एकर ऊसही आहे, त्यामुळे कधी ना कधी फोनच्या दोन्ही टोकांना मी बसलेलो आहे. खाली तेच प्रश्न आणि तीच उत्तरं, जरा निवांतपणे.

ट्रायकोग्रामा म्हणजे नक्की काय? औषध, माशी, की आणखी काही?

जिवंत कीटक. मुंग्या, मधमाश्या आणि गांधीलमाश्या ज्या गणात मोडतात त्याच गणातली ही एक अतिशय बारकी गांधीलमाशी. लांबी साधारण अर्धा मिलिमीटर, म्हणजे खसखशीच्या दाण्याहूनही लहान. अंग पिवळसर, डोळे लालभडक. पण हे बघायला भिंग लागतं. नुसत्या डोळ्यांना कागदावर सरकणारा ठिपका दिसतो, एवढंच. उसासाठी आपल्याकडे मुख्यतः ट्रायकोग्रामा चिलोनिस ही जात वापरतात.

गांधीलमाशी म्हणता, मग चावते का?

नाही. माणसाच्या कातडीत शिरेल असा काटाच तिच्याकडे नाही. बायका-पोरांनी कार्डं लावली तरी चालतं, आणि बऱ्याच शेतांत तीच लावतात.

ती किडीला मारते कशी?

किडीच्या अंड्यात स्वतःचं अंडं घालून. मादी पतंगाच्या अंड्यावर चढते, मिशांनी ते ठोकत ठोकत इकडून तिकडे फिरते. या फिरण्यातून अंडं केवढं आहे आणि आधीच कोणी वापरलेलं तर नाही, याचा अंदाज ती घेते. पसंत पडलं की पोटाच्या टोकाची सुई कवचात रुतवते आणि आत अंडं सोडते. पुढचं सगळं बंद दाराआड चालतं. आतली ट्रायकोग्रामाची अळी त्या अंड्यातला ऐवज खाते, तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंडं काळं पडतं, तिथेच कोष होतो आणि आठ-दहा दिवसांत कवचाला गोल भोक पाडून नवी माशी बाहेर येते. उसाची अळी जन्मालाच येत नाही.

आपल्याकडे भृंगी-कीटक न्याय सांगतात. कुंभारीण अळी आणून मातीच्या घरात कोंडते, तिच्याभोवती गुणगुणते, आणि सतत भृंगीचं ध्यान लागल्यामुळे अळीचीच भृंगी होते. ज्या कोणी हे पाहिलं त्याने निरीक्षण बरोबर केलं होतं: आत अळी गेली आणि बाहेर कुंभारीण आली. मधला प्रकार मात्र भक्तीचा नाही. कुंभारणीने अळीला डंख मारून लुळी केलेली असते, त्याच घरात स्वतःचं अंडं ठेवलेलं असतं आणि तिचं पिल्लू ती ताजी शिदोरी खाऊन मोठं होतं. ट्रायकोग्रामा यापुढे एक पायरी जाते. अळी होईपर्यंतही ती थांबत नाही.

उसाच्या कोणत्या किडींवर याचा उपयोग होतो?

ज्या किडी पतंगाच्या आहेत आणि पानावर अंडी घालतात त्यांच्यावर. लहान उसातली खोडकीड, कांडी सुटल्यावर येणारी कांडी कीड आणि शेंडेकीड या तिघींवर. शेंडेकिडीबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

हुमणी, वाळवी, लोकरी मावा, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण यांच्यावर ट्रायकोकार्ड लावणं म्हणजे पैसे आणि स्टेपलच्या पिना वाया. "सगळ्या किडींवर चालतं" असं सांगून कोणी कार्ड विकत असेल तर त्याच्याकडून कार्डच काय, खतही घेऊ नका.

कार्डावर ते काळे दाणे कसले? कार्ड तयार कसं होतं?

ते तांदळाच्या पतंगाची अंडी. कॉर्सिरा नावाचा हा पतंग साठवणीतल्या धान्याला लागतो. भाताच्या कणगीत किंवा जुन्या रव्यात जाळी धरलेली दिसते, तीच ही कीड. उसाच्या पतंगाची अंडी लाखांनी मिळवणं अवघड, याची मात्र घरबसल्या मिळतात. म्हणून ट्रायकोग्रामाला त्याच्यावर पोसतात.

प्रयोगशाळा म्हटलं की लोकांना पांढरे कोट आठवतात. आमच्याकडे मुख्य वास ज्वारीच्या भरड्याचा असतो. ट्रेमध्ये ज्वारीचा भरडा, थोडे शेंगदाण्याचे कूट, वर कॉर्सिराची अंडी पसरायची आणि झाकून ठेवायचं. महिना-दीड महिन्यात पतंग निघायला लागतात. ते गोळा करून जाळीच्या तळाच्या डब्यात सोडले की अंडी खाली पडतात. पतंग हाताळताना त्यांच्या पंखांवरचे खवले धुळीसारखे उडतात, नाका-तोंडाला रुमाल नसेल तर दिवसभर शिंका. या कामातला सगळ्यात त्रासाचा भाग हाच, आणि कुठल्याही माहितीपत्रकात तो नसतो.

अंडी चाळून स्वच्छ केली की डिंक लावलेल्या कार्डावर भुरभुरायची. मग ते कार्ड अल्ट्राव्हायोलेट (अतिनील) ट्यूबखाली ठेवायचं, म्हणजे अंड्यातला जीव मरतो पण ऐवज ताजा राहतो. त्यानंतर ट्रायकोग्रामा निघायच्या बेतात असलेलं जुनं कार्ड आणि हे नवं कार्ड एकाच पिशवीत बंद करायचं. साधारण एका भागाला सहा भाग ताजी अंडी असं प्रमाण. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पांढरट कार्ड काळं व्हायला लागतं. एका कार्डावर सुमारे २०,००० अंडी असतात.

म्हणजे कार्डावरून पतंगच निघून माझ्या उसाला लागला तर?

हा प्रश्न विचारणारा माणूस मला आवडतो, कारण त्याने नीट ऐकलेलं असतं. दोन कारणांनी तसं होत नाही. अतिनील किरणांनी कॉर्सिराच्या अंड्यांतला गर्भ आधीच मेलेला असतो. आणि समजा एखादी अळी निघालीच, तरी तिला कोरडं धान्य लागतं, हिरव्या उसात तिचं पोट भरत नाही.

चांगलं कार्ड कसं ओळखायचं?

भिंग नसेल तर मोबाइलचा कॅमेरा मोठा करून बघा. अंडी एकसारखी काळी, तुळतुळीत हवीत. बरीचशी पांढरट-पिवळट राहिली असतील तर त्यांत ट्रायकोग्रामा गेलेलाच नाही. काळ्या कवचांना गोल भोकं दिसली तर माशी कधीच उडून गेली आणि तुमच्या हातात नुसती टरफलं आली. कार्डावर माश्या निघण्याची तारीख लिहिलेली असते. ती नसेल तर विचारा, आणि सांगता येत नसेल तर घेऊ नका.

एकदा माझ्याच शेतासाठी बाहेरून मागवलेली कार्डं पार्सलने दोन दिवस उशिरा आली. एप्रिल महिना. पाकीट उघडलं तर आतल्या कोपऱ्यात काळपट भुगा, आणि तो भुगा हलत होता. हजारो माश्या पाकिटातच निघाल्या होत्या, निम्म्याहून जास्त मेलेल्या. उरलेल्यांना घेऊन मी तसाच शेतात धावलो आणि उघडं पाकीट सरीतून फिरवत गेलो. काही उपयोग झाला असेल असं वाटत नाही, पण घरी बसवेना.

कार्ड कधी लावायचं?

सगळ्या पानावरचं एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा.

खोडकिडीची मादी उसाच्या खालच्या पानांच्या मागच्या बाजूला चपटी, माशाच्या खवल्यासारखी एकमेकांवर चढलेली पांढरट अंडी घालते, तीन-चार ओळींत. ती चार ते सहा दिवसांत उबतात. अळी निघते, पानावरून खाली उतरते आणि जमिनीलगत कोंबाला भोक पाडून आत जाते. पोंगा वाळलेला तुम्हाला दिसतो तो त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी. म्हणजे ट्रायकोग्रामाला मिळणारी मुदत त्या चार-सहा दिवसांची, त्यातही अंडं ताजं असताना ती जास्त पसंत करते. आणि तुम्हाला जाग येते तेव्हा ती मुदत उलटून पंधरवडा झालेला असतो. वाळलेल्या पोंग्यात बसलेल्या अळीला कार्डाने काहीही होत नाही. ट्रायकोग्रामाच्या लेखी ती अळी अस्तित्वातच नाही.

म्हणून कार्ड लक्षण बघून लावायचं नसतं, दिवस मोजून लावायचं असतं. सुरू उसात लागणीनंतर ३० ते ४० दिवसांच्या दरम्यान पहिलं कार्ड, नंतर दर दहा दिवसांनी, असं चार ते सहा वेळा. खोडव्यात, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून परत फुटलेल्या पिकात, तोडणीनंतर महिन्याभरात सुरुवात. दहा दिवसच का, तर शेतात माशी फार तर काही दिवस जगते आणि नवी पिढी यायला आठ-दहा दिवस लागतात; या हिशोबाने शेत कधी मोकळं राहत नाही.

दिवस मोजण्याच्या जोडीला एकरी दोन-तीन कामगंध सापळे (मादीच्या वासाने नराला ओढणारे) लावले तर अंदाज आणखी पक्का होतो. सापळ्यात नर पतंग पडायला लागले की माद्या अंडी घालायला आल्याच समजा. मी सापळा लावायला लागल्यापासून पहिल्या कार्डाचा दिवस चुकलेला नाही.

आडसालीलाही इतकं करावं लागतं का?

खोडकिडीसाठी सहसा नाही. जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला ऊस कोवळा असतो तेव्हा हवा दमट असते, आणि खोडकिडीला कोरडा उन्हाळा मानवतो. मार्च ते जूनमध्ये ज्याचा ऊस कोंबावर आहे, म्हणजे सुरू आणि उशिरा तुटलेला खोडवा, त्याने जास्त लक्ष द्यायचं. आडसालीत नंतरच्या काळात कांडी कीड येते. तिच्यासाठी कांडी सुटल्यावर, साधारण चौथ्या महिन्यापासून पंधरा दिवसांच्या अंतराने कार्डं लावतात. तोवर ऊस छातीबरोबर आलेला असतो आणि आत शिरायचं म्हणजे पानांच्या कुसळांनी हात सोलून निघतात. बहुतेक लोक इथेच सोडून देतात. मीही एका हंगामात सोडलं होतं.

एकरी किती कार्डं?

शिफारस हेक्टरी एका वेळेला ५०,००० ट्रायकोग्रामाची आहे. २०,००० चं एक कार्ड धरलं तर हेक्टरी अडीच, म्हणजे एकरी एक. एक जास्त लावलं म्हणून बिघडत नाही, पण एकदाच चार लावून मोकळं होण्यापेक्षा चार वेळा एकेक लावलेलं कधीही चांगलं.

शेतात लावायचं कसं?

कार्डावर कापायच्या रेषा असतात. त्याचे पट्टे करा आणि साधारण आठ-दहा मीटरवर एक, असे शेतभर पानाच्या मागच्या बाजूला स्टेपल करा. ही माशी लांब उडत नाही. वाऱ्याने वाहून गेली तर गोष्ट वेगळी, पण स्वतःहून ती काही मीटरच्या परिघात फिरते. बांधावरच्या एका झाडाला अख्खं कार्ड टांगणं ही आळशी माणसाची पद्धत आहे आणि तिचा काही फायदा नाही. आपल्या भागात वारा पश्चिमेकडून असेल तर पश्चिमेच्या अंगाला एखादा पट्टा जास्त लावा.

वेळ सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. दुपारी एकला चाळीस अंशांत लावलेल्या कार्डाची माशी निघते आणि तिथेच भाजते. पानाच्या मागे लावायचं कारण दुहेरी आहे: ऊन लागत नाही आणि पाऊस आला तर अंडी धुऊन जात नाहीत.

आणि मुंग्या. कार्ड लावून दुसऱ्या दिवशी जाऊन बघा. काळे दाणे गायब आणि कागद कोरा दिसला तर माश्या निघाल्या असं समजून खूश होऊ नका. माश्या निघाल्या तर टरफलं मागे राहतात. कोरा कागद हे मुंग्यांचं काम. म्हणून माश्या निघायच्या दिवशी किंवा आदल्या संध्याकाळी कार्ड लावा, तीन-चार दिवस आधी नाही.

फ्रिजमध्ये ठेवून नंतर वापरलं तर?

खालच्या कप्प्यात, भाजीच्या ट्रेजवळ, काही दिवस चालतं. थंडीत आतली वाढ मंदावते. बर्फाच्या कप्प्यात ठेवलं तर सगळं मरतं. आठवड्याच्या वर ठेवू नका, जितकं ठेवाल तितक्या माश्या कमी निघतात. आणि घरात सांगून ठेवा. आमच्याकडे एकदा आईने राजगिऱ्याचं पाकीट समजून उघडलं होतं.

कार्ड लावलं, पण शेतात काहीच दिसत नाही. काम झालं हे कसं कळणार?

खालची पानं उलटून अंडीपुंज शोधा. चिकाटीचं काम आहे, एका सकाळी चार-पाच सापडले तरी पुष्कळ. ताजी अंडी पांढरट. उबायला आलेल्या अंड्यांत प्रत्येकी एक काळा ठिपका दिसतो, ते आतल्या अळीचं डोकं. आणि ट्रायकोग्रामा शिरलेलं अंडं अख्खं काळं, शाईत बुडवल्यासारखं. ठिपका आणि पूर्ण काळं यातला फरक एकदा डोळ्यांत बसला की परत चुकत नाही. शंका असेल तर ते पान काचेच्या बाटलीत ठेवून तोंडाला कापड बांधा. चार दिवसांनी आत काय फिरतंय ते दिसेलच.

पोंगे वाळलेच आहेत. आता काय?

आधी ती खोडकीडच आहे ना, ते बघा. वाळलेला पोंगा ओढला की अलगद हातात येतो आणि त्याच्या बुडाला कुजकट, आंबूस वास येतो. जमिनीलगत कोंबाला भोक असतं. पोंगा उपटत नसेल, किंवा अख्खं बेटच पिवळं पडून हलत असेल, तर हुमणी किंवा पाण्याचं काही असेल, तिकडे बघा.

खोडकीड असेल तर मेलेले कोंब जमिनीच्या थोडं खालून, अळीसकट कापून काढा आणि नष्ट करा. बांधावर टाकू नका, अळी आतच असते. पाण्याची पाळी लांबवू नका. बाळबांधणी करून कोंबांच्या बुडाला माती लावा. भोक पाडायची जागाच झाकली जाते, आणि आत वाढलेल्या किडीच्या पतंगाला बाहेर पडायची वाटही. शंभरात पंधराच्या आसपास कोंब गेले असतील तर उसासाठी शिफारस असलेलं कीटकनाशक वापरायचा विचार करा. त्यापेक्षा कमी असतील तर घाबरून फवारायची गरज नाही. ऊस फुटवे काढून भरपाई करतो, तो ज्वारीसारखा एका ताटाचा धनी नाही. कार्डं मात्र सुरू करा, आत्ताच्या अळीसाठी नाही, तिच्या पतंगांनी पुढे घातलेल्या अंड्यांसाठी.

फवारणी आणि कार्ड एकत्र चालेल का?

बहुतेक जुनी स्पर्शजन्य औषधं ट्रायकोग्रामाला किडीच्या आधी मारतात. कार्डाच्या आधी आणि नंतर निदान दहा-पंधरा दिवस फवारणी टाळा. क्लोरॅन्ट्रानिलिप्रोलसारखी औषधं परोपजीवी माश्यांना त्या मानाने कमी घातक आहेत, पण तीही कार्ड लावलेल्या दिवशीच मारायची नसतात. तणनाशकाच्या फवारणीतही पट्टे भिजतात. आधी तणनाशक, मग कार्ड.

अळी खोडात शिरल्यावर तिला गाठणारी गांधीलमाशी नाही का?

आहे, आणि माझ्या मते ती ट्रायकोग्रामापेक्षा जास्त धाडसी आहे. कोटेशिया फ्लॅव्हिपेस हे तिचं नाव. मुंगीएवढी काळी माशी, पाय पिवळे. अळीने भोकाबाहेर टाकलेल्या विष्ठेच्या वासावरून ती बीळ शोधते आणि त्या अंधाऱ्या बिळात स्वतः शिरते. समोर तिच्या कैक पट मोठी अळी, तिचे जबडे चालू. काही माश्या तिथेच मरतात. जी पोचते ती क्षणभरात अळीच्या अंगात काही डझन अंडी घालते.

अळीचं शरीर या परक्या अंड्यांना मारून टाकू शकतं, म्हणून माशी अंड्यांबरोबर एक विषाणूही टोचते. हा विषाणू तिच्या स्वतःच्या वंशातच पिढ्यानपिढ्या मुरलेला आहे आणि त्याचं काम एकच, अळीची प्रतिकारशक्ती बंद पाडणं. अळी खात राहते, चालत राहते, आणि आतून पोखरली जाते. साधारण दोन आठवड्यांनी कोटेशियाच्या अळ्या तिची कातडी फोडून बाहेर येतात आणि तिच्या शेजारीच पांढरे कोष विणतात. पोखरलेली कांडी उभी चिरल्यावर मरगळलेल्या अळीजवळ साळीच्या लाह्यांसारखा पांढरा पुंजका दिसला तर तो फेकू नका, तिथेच राहू द्या. कित्येक जण त्याला बुरशी समजून पायाखाली चिरडतात.

ही माशी आपल्या आशियातली. १९७० च्या दशकात ती ब्राझीलच्या उसात नेली गेली, आणि तिथे सोडलेल्या वाणांत भारत-पाकिस्तानातून नेलेलेही होते. तिथला ऊस पोखरणारा किडा वेगळा, तरी ती त्याच्यावर रुळली. आज ब्राझीलमध्ये दर वर्षी लाखो हेक्टर उसात कोटेशिया सोडतात, जगातल्या सगळ्यात मोठ्या जैविक नियंत्रणाच्या कामांपैकी ते एक गणलं जातं. आपल्याकडे मात्र तिची पैदास कार्डांसारखी घरोघर पोचली नाही. तिला जिवंत अळ्यांवर वाढवावं लागतं, कॉर्सिराच्या अंड्यांसारखा सोपा मार्ग नाही.

लोकरी माव्यावर कोणती माशी?

२००२ च्या पावसाळ्यात सांगली जिल्ह्यात लोकरी मावा दिसला आणि बघता बघता पश्चिम महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकातला ऊस पांढरा झाला. ज्यांनी तो हंगाम पाहिला त्यांना आठवत असेल: फडात शिरलं की कपड्यांना पांढरी लोकर चिकटायची, पानं चिकट, वर काळी बुरशी. वाढलेल्या उसात फवारणी करायची कशी हाच प्रश्न होता.

त्या वेळी जो आवरला तो मुख्यतः दोन भक्षकांनी, आणि दोघंही गांधीलमाश्या नाहीत. डिफा ही पतंगाची अळी, जी पान सोडून मावाच खाते. आणि मायक्रोमस हा जाळीदार पंखांचा कीटक. शेतकरी डिफाचे कोष असलेली पानं पिशवीत घालून पाहुण्यांच्या गावी न्यायचे. विरजण मागावं तसं लोक डिफा मागायचे.

गांधीलमाशीचा वाटा नंतर आला. एन्कार्सिया फ्लॅव्होस्क्युटेलम ही बारकी माशी मूळ ईशान्येकडच्या उसातली. ती आणून दक्षिणेकडे सोडली आणि ती इथे टिकली. माव्याच्या पोटात अंडं घालते. आता लोकरी मावा अधूनमधून दिसतो, पण तसा उठत नाही. दिसलाच तर लगेच औषधाच्या मागे लागू नका, पानं उलटून आधी हे तिघं आहेत का ते बघा.

शेंडेकिडीसाठी तेच कार्ड चालेल का?

तिच्यासाठी ट्रायकोग्रामा जॅपोनिकम या जातीचं कार्ड मागा. शेंडेकिडीची पांढरी मादी अंडी घालून त्यावर स्वतःच्या पोटाचे तपकिरी केस पांघरते, गोधडी घातल्यासारखे. त्या केसांतून वाट काढणं चिलोनिसला जड जातं.

पायरिलावर, म्हणजे उसाचा रस शोषणाऱ्या पाकोळीवर?

पायरिलाच्या पिल्लांना आणि प्रौढांना आवरणारा मुख्य मित्र एपिरिकॅनिया. तो पतंग आहे, गांधीलमाशी नाही. पानांवर त्याचे पांढरे कोष दिसत असतील तर फवारू नका.

हुमणीवर काहीच नाही का?

स्कोलिया कुळातल्या मोठ्या काळ्या गांधीलमाश्या जमीन उकरून हुमणीच्या अळीवर अंडी घालतात. निसर्गात आहेत, पण विकत मिळत नाहीत. हुमणीसाठी पहिल्या वळवानंतर कडुनिंब-बाभळीवर जमणारे हुमणीचे भुंगेरे गोळा करणं आणि मेटारायझियम बुरशी हाच रस्ता.

पाचट जाळण्याचा आणि या माश्यांचा काय संबंध?

थेट संबंध. पाचटात, म्हणजे उसाच्या वाळलेल्या पानांत, मित्रकीटकांचे कोष आणि कोळी दडलेले असतात. काडी लावली की ते सगळे जातात, आणि कीड मात्र जमिनीत किंवा शेजारच्या फडात सुखरूप असते. शिवाय सरीत पाचट आच्छादलेलं असेल तर जमीन गार आणि ओलसर राहते, आणि खोडकिडीला ते मानवत नाही. पाचट राखून फक्त दोन कार्डं लावलेला खोडवा, पाचट जाळून सहा कार्डं लावलेल्या खोडव्यापेक्षा बरा निघालेला मी पाहिला आहे. हा एका शेताचा अनुभव, सिद्धान्त नाही.

शेजारी काही करत नाही. मी एकट्याने लावून उपयोग आहे का?

आहे, पण अर्धा. माशी तुमच्या शेतात राहते, पतंग मात्र बांध ओळखत नाही. कारखान्याच्या शेतकी विभागाने सगळ्या गटात एका आठवड्यात कार्डं वाटली तर फरक स्पष्ट दिसतो. तुमच्या चिटबॉयला, म्हणजे कारखान्याच्या गावातल्या शेतकी माणसाला, विचारा. बऱ्याच कारखान्यांच्या स्वतःच्या प्रयोगशाळा आहेत आणि सभासदांना कार्ड सवलतीत मिळतं.

एकदा सोडल्यावर ती शेतात कायमची राहील ना?

नाही. थोड्या राहतात, पण कीड आटोक्यात ठेवण्याएवढ्या नाही. दर हंगामी नव्याने लावायचं.

कार्ड मिळतं कुठे?

मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, कृषी विद्यापीठं, कृषी विज्ञान केंद्रं, कारखान्यांच्या प्रयोगशाळा, आणि काही खासगी उत्पादक. फलटण तालुक्यातलं पाडेगावचं केंद्र १९३२ पासून उसावरच काम करतं आहे. कीड ओळखता येत नसेल तर अशा ठिकाणी नमुना दाखवा. कार्ड मात्र जवळून घ्या, स्वतः जाऊन घ्या, आणि आठवडाभर आधी मागणी नोंदवा. हे मागितलं आणि कपाटातून काढून दिलं, असं होत नाही. तुमच्यासाठी वाढवावं लागतं.

खरं सांगा, हे सगळं कितपत चालतं?

ज्या वर्षी वेळेवर, ताज्या कार्डांनी, चार-पाच वेळा लावलं त्या वर्षी माझ्या शेतात फवारणी लागली नाही. ज्या वर्षी उशीर झाला, किंवा एप्रिलच्या उन्हाची लाट आली, त्या वर्षी फारसा फरक दिसला नाही. कडक ऊन ही या माशीची खरी अडचण आहे. बंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोने जास्त तापमान सोसणारा चिलोनिसचा वाण तयार केला आहे. मागणी करताना तो मिळतो का विचारा.

कार्डाचे दोन-चार पट्टे उरले तर काय करू?

ठेवून देऊ नका, परवा ते रिकामे होतील. कडेला मका असेल तर मक्याला लावा, खोडकिडीचे पतंग तिथेही अंडी घालतात. कपाशी किंवा टोमॅटो असेल तरी चालेल. आणि काहीच नसेल तर बांधाच्या पलीकडे, शेजाऱ्याच्या पहिल्या सरीत.